रक्ताला काच कळते

शेतीची वीज रात्री असली की उसाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, मोहोळ, माळशिरस या पट्ट्यात हे वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. अंधारात बांधावर पाय पडतो, काहीतरी चावतं आणि थोड्या वेळात तो माणूस ग्रामीण रुग्णालयाच्या खाटेवर असतो. साप कुणी नीट पाहिलेला नसतो. एक जण फुरसं म्हणतो, दुसरा घोणस, तिसऱ्याला ती धामण वाटलेली असते. अशा वेळी डॉक्टर एक अगदी साधी चाचणी करतात. हाताच्या शिरेतून दोनेक मिलिलिटर रक्त काढून ते काचेच्या नळीत घेतात, नळी उभी ठेवतात आणि घड्याळ बघतात. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती हलकेच तिरपी करायची. रक्ताचा गोळा झाला असेल तर निदान त्या घडीला विषाने रक्त बिघडवलेलं नाही. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरश्याचं विष कामाला लागलं आहे असं समजायचं आणि प्रतिविष सुरू करायचं. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं, त्यामुळे त्यांच्यासाठी डॉक्टर रुग्णाच्या पापण्यांकडे आणि श्वासाकडे लक्ष ठेवतात. पण रक्त बिघडवणाऱ्या सापांसाठी ही वीस मिनिटांची चाचणी मोठा आधार आहे. तिला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही.

या चाचणीला काही अटी आहेत. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. ती कोरडी हवी. आणि ती साबणाने किंवा धुण्याच्या पावडरीने धुतलेली नको. वाचताना या अटी किरकोळ वाटतात. पण त्या पाळल्या नाहीत तर निरोगी माणसाचं रक्तही वीस मिनिटांत गोठेलच असं नाही. मग गरज नसलेल्या रुग्णाला प्रतिविष दिलं जाईल, आणि प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. म्हणजे एका माणसावरच्या उपचाराचा निर्णय नळीच्या आतल्या भिंतीवर अवलंबून असतो. रक्त काचेला ओळखतं आणि प्लॅस्टिकला वेगळं ओळखतं. ते कसं, हा या प्रकरणाचा विषय आहे. डायलिसिसची नळी, हृदयातली कृत्रिम झडप, स्टेंट, रक्ताची पिशवी या सगळ्यांची कहाणी त्या काचेच्या भिंतीपासून सुरू होते.

ठिणगी आणि सरपण

चूल पेटायला ठिणगी लागते आणि सरपणही लागतं. रक्त गोठण्याचं तसंच आहे. रक्तात फायब्रिनोजन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं, एका लिटरमागे साधारण 2 ते 4 ग्रॅम. गोठण्याची साखळी सुरू झाली की त्याचे धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं आणि त्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. हे झालं सरपण. घोणस आणि फुरश्याचं विष हे सरपण शरीरातच जाळून संपवतं. मग नळीत ठिणगी पडली तरी पेटायला काही उरत नाही.

ठिणगी काच देते. काचेच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. रक्तातलं एक प्रथिन त्या भाराला चिकटतं, चिकटताना त्याचा आकार बदलतो आणि ते जागं होतं. ते दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. साबणाचा अंश काचेवर राहिला तर भिंत झाकली जाते आणि ठिणगी पडत नाही. प्लॅस्टिकला मुळात तेवढा भारच नसतो. म्हणूनच पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत लाल झाकणाची नळी प्लॅस्टिकची असेल, तर तिच्या आतून सिलिकाचा बारीक थर दिलेला असतो. सिलिका म्हणजे काचेचाच मूळ पदार्थ. रक्त लवकर गोठावं म्हणून प्लॅस्टिकला काचेचा मुलामा द्यावा लागतो.

हे ठिणगी पकडणारं प्रथिन सापडलं ते अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात. जॉन हॅगेमन हा रेल्वेत ब्रेकमन म्हणून काम करणारा माणूस होता. शस्त्रक्रियेच्या आधी त्याची रक्तचाचणी झाली. इतरांचं रक्त काही मिनिटांत गोठायचं, याचं गोठायला फार वेळ लागला. पण त्याला रक्तस्रावाचा त्रास कधीच झालेला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ या डॉक्टरांनी शोध घेतला आणि 1955 साली सांगितलं की या माणसाच्या रक्तात एक घटक नाहीच. त्या घटकाला आज बारावा घटक किंवा हॅगेमन घटक म्हणतात. पुढे 1968 साली हॅगेमन वारला तो रक्तस्रावाने नव्हे. हाड मोडल्यानंतर फुप्फुसात अडकलेल्या गुठळीने त्याचा जीव घेतला.

या एका माणसाच्या रक्ताने फार मोठी गोष्ट शिकवली. विळ्याने बोट कापलं की रक्त थांबतं ते वेगळ्या वाटेने. जखमी पेशींमधून निघणारा घटक ती वाट उघडतो, तिथे बाराव्या घटकाची गरज पडत नाही. बारावा घटक जागा होतो तो परक्या पृष्ठभागाच्या स्पर्शाने. काच, धातू, प्लॅस्टिक, कापड यांच्याशी रक्ताची गाठ पडली की ही दुसरी वाट उघडते. वैद्यकीय साधनांमुळे होणाऱ्या गुठळ्यांत तिचा मोठा हात आहे.

मग काचेच्या बाटलीत रक्त साठवत कसे? त्यात सायट्रेट मिसळून. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. काचेवर ठिणगी पडते, पण पुढचे टप्पे कॅल्शियमवाचून अडतात. स्पेनच्या यादवी युद्धात डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी अशाच बाटल्या गाडीत घालून आघाडीवर नेल्या होत्या. पुढे चीनमध्ये त्यांच्या नावाने चाललेल्या शांतता रुग्णालयाची धुरा सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी सांभाळली आणि तिथेच 9 डिसेंबर 1942 रोजी त्यांचं निधन झालं. त्या पिढीच्या शल्यचिकित्सकांनी रक्ताचं हे काचेशी असलेलं वैर रोज अनुभवलं. प्लॅस्टिकची रक्तपिशवी आली ती नंतर, 1950 च्या सुमारास.

पहिले काही सेकंद

आता जरा जवळून पाहू. रक्ताचा थेंब एखाद्या नळीच्या भिंतीला लागला. पहिल्या क्षणी काय होतं? रक्तपेशी पोचण्याआधी प्रथिनं पोचतात. एक लिटर रक्तद्रवात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्तात, 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं असतात, त्यांचे शेकडो प्रकार असतात. काही सेकंदांतच भिंतीवर त्यांचा थर बसतो. हा थर काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. डोळ्याला तो दिसत नाही. पण त्यानंतर येणाऱ्या रक्तपेशींची गाठ थेट प्लॅस्टिकशी किंवा धातूशी पडतच नाही. त्यांना भेटतो तो हा प्रथिनांचा थर. साधन बनवणाऱ्याने टायटॅनियम वापरलं की टेरिलिन, हे पेशीला कळतं ते या थराच्या तोंडून.

असा थर आपल्या स्वयंपाकघरात रोज बसतो. दूध तापवलं की पातेल्याच्या तळाला खरवड लागते. नुसतं पाणी ओतून ती निघत नाही. दुधातली प्रथिनं उष्णतेने उलगडतात, धातूला चिकटतात आणि एकमेकांनाही धरून बसतात. रक्ताच्या बाबतीत आच लागत नाही. पृष्ठभागाचा स्पर्शच उलगडायला पुरतो.

‘उलगडणं’ हा शब्द सोलापूरकराला समजावून सांगायला नको. चादरीच्या दुकानात घडी घातलेल्या चादरी रचलेल्या असतात. बाहेर दिसतो तो कोपरा. जॅकार्डवर विणलेली नक्षी घडीच्या आत असते. घडी उलगडली की नक्षी समोर येते. प्रथिनाचा रेणूही घडी घातलेला असतो. पाण्याला न मानवणारे भाग आत आणि पाण्याशी जुळणारे बाहेर, अशी ती घडी. पाणी झटकून टाकणाऱ्या पृष्ठभागावर असा रेणू पडला की आतला भाग त्या पृष्ठभागाकडे ओढला जातो, घडी मोडते आणि रेणू पसरतो. फायब्रिनोजनचं असं झालं की त्याच्या आत दडलेल्या काही खुणा उघड्या पडतात. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी बांधायला जमणाऱ्या बारीक पेशी, नेमक्या त्या खुणा वाचतात. मोकळ्या रक्तात हजारो फायब्रिनोजन रेणू शेजारून जात असताना शांत असलेली प्लेटलेट भिंतीवर पसरलेलं फायब्रिनोजन दिसलं की तिथे चिकटते, स्वतः पसरते आणि इतर प्लेटलेटना बोलावते. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते चार लाख प्लेटलेट असतात. बोलावणं गेलं की गर्दी व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. भिंत एक आणि चिकटायला येणारी प्रथिनं शेकडो. मग जागा कुणाला मिळते? एसटी फलाटावर लागते तेव्हा काय होतं ते आठवा. हलकी, चपळ पोरं आधी आत शिरतात आणि खिडकीजवळ रुमाल टाकतात. मागून वडीलधारी माणसं येतात आणि पोरं उठून जागा देतात. रक्तात अल्ब्युमिन हे असं प्रथिन आहे. ते आकाराने लहान आणि संख्येने सर्वांत जास्त, लिटरमागे 35 ते 50 ग्रॅम. ते आधी पोचतं. मग मोठी प्रथिनं येतात, त्यांत फायब्रिनोजनही असतं, आणि ती अल्ब्युमिनला हलवून बसतात. नंतर फायब्रिनोजनलाही उठावं लागतं, कारण रक्तात अगदी थोडं असलेलं पण भिंतीला घट्ट धरणारं आणखी एक प्रथिन, किनिनोजन, तिथे येतं. आधी येतो तो संख्येच्या बळावर, टिकतो तो पकडीच्या बळावर.

व्रोमन यांच्या रंगीत पट्ट्या

ही जागांची अदलाबदल लिओ व्रोमन या शास्त्रज्ञाने शोधली. व्रोमन 1915 साली नेदरलँड्समधल्या खाउडा गावी जन्मले. मे 1940 मध्ये जर्मन सैन्य देशात शिरलं तेव्हा ते शिडाच्या बोटीतून इंग्लंडला निसटले, तिथून आजच्या इंडोनेशियात गेले आणि जपानी सैन्याच्या युद्धकैद्यांच्या छावण्यांत अडकले. युद्ध संपल्यावर ते अमेरिकेत स्थायिक झाले. डच भाषेतले ते मोठे कवी होते आणि पोटापाण्यासाठी रक्तावर संशोधन करत होते.

साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते फुग्याच्या पातळ पडद्यामुळे. पडदा जाड झाला की रंग बदलतो. व्रोमन यांनी टॅन्टलम धातूवर ऑक्साइडचा असाच पातळ, रंग दाखवणारा थर चढवलेल्या पट्ट्या घेतल्या आणि त्यांवर रक्तद्रव सोडला. प्रथिनांचा थर बसला की पट्टीचा रंग सरकायचा. मग त्या थरावर ते एका ठरावीक प्रथिनालाच पकडणारी प्रतिपिंडं सोडत. ती चिकटली तर रंग आणखी सरके, नाही चिकटली तर ते प्रथिन तिथे नाही. अशा तऱ्हेने त्यांना दिसलं की फायब्रिनोजन काही सेकंदांत पट्टीवर बसतं आणि थोड्याच वेळात तिथे सापडेनासं होतं. त्यांच्या नावाने या घटनेला आज व्रोमन परिणाम म्हणतात.

1962 साली ‘नेचर’ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात आणखी एक निरीक्षण आहे. पाण्याने सहज भिजणारा पृष्ठभाग प्रथिनं बसल्यावर कमी भिजू लागतो आणि पाणी झटकणारा पृष्ठभाग जास्त भिजू लागतो. दोन अगदी वेगळे पृष्ठभाग प्रथिनांच्या पांघरुणाखाली एकमेकांसारखे होत जातात. सोलापुरी टर्किश टॉवेल घरी आणला की पहिल्यांदा तो पाणी नीट टिपत नाही, एकदोनदा धुतल्यावर टिपतो. कापूस तोच, लूप तेच. फरक असतो तो धाग्यावरच्या खळीचा आणि फिनिशिंगचा. वस्तूशी आपली ओळख होते ती तिच्या सगळ्यात वरच्या थराची.

रुमाल, पॅराशूट आणि शिवणयंत्र

सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली 1877 साली. लोक तिला जुनी मिल म्हणत. पुढे पूर्व भागातल्या पद्मशाली घरांमध्ये हातमाग आणि मग यंत्रमाग आले, चादर आणि टॉवेल ही शहराची ओळख झाली. कापड किती घट्ट विणलं तर पाणी थांबतं आणि किती विरळ ठेवलं तर पाझरतं, हे इथल्या विणकराला हाताने कळतं. मानवी रक्तवाहिनी कापडाने बदलता येईल का, या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्या डॉक्टरांना नेमकं हेच ज्ञान हवं होतं.

1947 साली न्यूयॉर्कमध्ये आर्थर वूर्हीस हे तरुण शल्यचिकित्सक कुत्र्यांवर प्रयोग करत होते. एका कुत्र्याच्या हृदयाच्या कप्प्यात रेशमी टाक्याचा एक धागा चुकून उघडा राहिला होता. काही महिन्यांनी हृदय तपासताना त्यांना दिसलं की त्या धाग्यावर हृदयाच्या आतल्या अस्तरासारखा चकचकीत पापुद्रा आला आहे. धाग्यावर अस्तर येतं, तर कापडाच्या नळीवरही येईल, असं त्यांना वाटलं. पहिली नळी त्यांनी रेशमी रुमालाची शिवली. ती तासभर चालली. मग त्यांनी विन्यॉन-एन नावाचं पॅराशूटचं कापड घेतलं आणि 1952 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी दुकानात नायलॉन घ्यायला गेले होते. ते संपलं होतं, म्हणून डेक्रॉन घेऊन आले आणि घरच्या शिवणयंत्रावर नळी शिवली. शिवण त्यांना आईने शिकवलं होतं. पुढे फिलाडेल्फियाच्या वस्त्रोद्योग संस्थेतल्या तज्ज्ञाच्या मदतीने बिनशिवणीची नळी विणणारं यंत्र तयार झालं. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आपल्याकडे जे टेरिलिन म्हणून घरोघरी आलं तेच.

कापडाला भोकं असतात, त्यांतून रक्त पाझरतं. त्यावर डॉक्टरांनी उपाय काढला तो प्रथिनांचाच. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचं थोडं रक्त घेऊन त्यात नळी भिजवायची. धाग्यांवर फायब्रिनोजन बसायचं, त्याचं जाळं व्हायचं आणि भोकं बुजायची. सुताला विणण्याआधी खळ द्यावी तशी कापडी नळीला रुग्णाच्याच रक्ताची खळ. नंतर कारखान्यातच कोलॅजन, जिलेटिन किंवा अल्ब्युमिनचा लेप दिलेल्या नळ्या मिळू लागल्या. जे रक्त परक्या पृष्ठभागावर गोठून घात करतं, त्याच्याच गोठण्याचा इथे उपयोग करून घेतला.

पण कापडाला मर्यादा आहे. महाधमनीसारख्या रुंद वाहिनीत रक्त वेगाने वाहतं, भिंतीवरचा पातळ थर त्याला अडवत नाही. सहा मिलिमीटरपेक्षा अरुंद वाहिनीत तोच थर वाट बंद करू शकतो. हृदयाच्या वाहिन्या तर तीनचार मिलिमीटरच्या. म्हणूनच बायपास करताना आजही पायाची शीर किंवा छातीच्या आतली धमनी वापरतात. घरातल्या माणसाच्या पायावर बायपासनंतर लांब व्रण का असतो, त्याचं उत्तर हे आहे.

अर्ध्या चादरीएवढी चाळण

डायलिसिसच्या खोलीत कधी गेला असाल तर यंत्राच्या बाजूला फूटभर लांबीची पारदर्शक नळी दिसली असेल. तिच्यात पांढऱ्या धाग्यांची जुडी असते. हे धागे पोकळ असतात, आतला व्यास सुमारे 0.2 मिलिमीटर, आणि एका नळीत ते दहा हजारांच्या आसपास असतात. त्यांच्या आतून रक्त जातं, बाहेरून स्वच्छ द्रव. त्या सगळ्या धाग्यांचा आतला पृष्ठभाग उलगडून पसरला तर दीड ते दोन चौरस मीटर भरेल, म्हणजे एकेरी सोलापुरी चादरीच्या निम्मा. रक्ताला दर खेपेला चार तास, आठवड्यातून तीनदा, एवढ्या मोठ्या परक्या पृष्ठभागाला सामोरं जावं लागतं.

सुरुवात कापडाच्याच चुलतभावापासून झाली. 1943 साली नेदरलँड्समधल्या काम्पेन गावी, जर्मन ताब्यात असलेल्या देशात, विलेम कोल्फ यांनी लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळली आणि पहिलं चालणारं कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. सेलोफेन कापसासारख्याच सेल्युलोजचं, ते सॉसेजच्या वेष्टनासाठी मिळे. पुढची अनेक वर्षं डायलिसिसचे पडदे सेल्युलोजचेच होते. 1968 साली दिसून आलं की डायलिसिस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात. कारण पुन्हा प्रथिनांत सापडलं. रक्तात पूरक प्रथिनांची एक फौज असते, जंतूंच्या अंगावर बसून त्यांना खुणा करणारी. सेल्युलोजच्या पृष्ठभागावरचे काही रासायनिक गट त्या फौजेला जंतूसारखे वाटतात. ती जागी होते, पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि फुप्फुसात जाऊन अडकतात.

यात एक अनुभव फार बोलका होता. तीच नळी त्याच रुग्णासाठी निर्जंतुक करून पुन्हा वापरली की, योग्य पद्धतीने साफ केलेली असेल तर, दुसऱ्या खेपेला त्रास कमी होई. पडद्यावर रुग्णाच्याच प्रथिनांचं अस्तर बसलेलं असे, आणि ब्लीचने ते खरवडलं नसेल तर ते टिकून राही. पडदा परका होता, अस्तर आपलं होतं. आज पॉलिसल्फोनसारखे सौम्य पडदे आले आहेत. गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन मात्र बहुतेक वेळा द्यावंच लागतं. ते 1916 साली जे मॅकलिन या वैद्यकीय विद्यार्थ्याने शोधलं.

झडप आणि जाळी

लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात. संधिवाताच्या त्या तापाने अनेकांच्या हृदयाच्या झडपा खराब होतात आणि तरुणपणीच त्या बदलाव्या लागतात. परदेशी झडप परवडत नव्हती तेव्हा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी झडप बनवायला घेतली. तीन नमुने अपयशी ठरले. चौथा टिकला, आणि 6 डिसेंबर 1990 रोजी तो पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवला गेला. त्यात कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूचा सांगाडा आहे, अतिशय टणक पॉलिइथिलीनची चकती आहे आणि कडेला पॉलिएस्टर कापडाची गोट आहे.

या एका झडपेत रक्ताशी दोन वेगळे करार आहेत. कापडी गोटेवर प्रथिनं बसावीत, पेशी याव्यात, तिने हृदयाच्या भिंतीत रुजावं असं हवं असतं. चकतीवर मात्र काहीही बसायला नको, कारण तिथे गुठळी झाली तर चकती अडकते किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते. चकती कितीही गुळगुळीत केली तरी प्रथिनांचा थर टळत नाही. म्हणून धातूची झडप असलेल्या माणसाला वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमारॉलची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, तपासत राहावं लागतं.

स्टेंटचं तसंच, फक्त मुदत वेगळी. धमनीत बसवलेल्या धातूच्या जाळीवर पहिल्या सेकंदांत प्रथिनं येतात, मागोमाग प्लेटलेट. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना आवरून धरतात. तेवढ्या अवधीत जाळीवर धमनीचं स्वतःचं अस्तर चढतं. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटवर ते सावकाश चढतं, कारण तोच लेप पेशींची अवाजवी वाढ रोखत असतो. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली. त्याआधी जुलै 2012 मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आज तीच महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. अँजिओप्लास्टी आणि डायलिसिस गरीब घरापर्यंत पोचलं आहे. त्यामागची समज पोचायची राहिली आहे.

निरोगी वाहिनीची नक्कल

रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर हा एकमेव पृष्ठभाग आहे ज्याच्यावर रक्त आयुष्यभर न गोठता वाहतं. ते नुसतं गुळगुळीत नाही. त्या पेशी हेपॅरिनशी नातं असलेले रेणू अंगावर बाळगतात, प्लेटलेटना शांत ठेवणारे पदार्थ सतत सोडतात आणि गोठण्याची साखळी जागेवरच तोडतात. तिथे पृष्ठभाग जिवंत आहे आणि तो अखंड राबत असतो. आपली साधनं त्याचा एकेक गुण उसना घेतात. काही नळ्यांना हेपॅरिन रासायनिक बंधाने जोडतात. काहींवर पाणी घट्ट धरून ठेवणाऱ्या लांब रेणूंची लव चढवतात, म्हणजे प्रथिनाला भिंत लागत नाही, पाणीच लागतं. हॅगेमनच्या रक्ताने दाखवलेल्या वाटेवरही काम चालू आहे. परक्या पृष्ठभागाची साखळी रोखायची आणि जखमेची वाट मोकळी ठेवायची, अशी औषधं शोधली जात आहेत. असं औषध मिळालं तर गुठळी टळेल आणि रक्तस्रावाची भीतीही कमी होईल.

एकाच शहरात माग आहेत आणि 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे, असं भाग्य थोड्या गावांना लाभतं. धाग्याला खळ देणारा आणि धमनीला टाका घालणारा एकाच प्रश्नावर काम करत आहेत, हे सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

तसं औषध मिळेपर्यंत एक काम प्रत्येक घराला करता येईल. छातीत धातूची झडप किंवा धमनीत स्टेंट असलेला माणूस घरात असेल, तर त्याची रक्त पातळ ठेवणारी गोळी ही त्या साधनाचाच एक भाग आहे असं समजा. श्रावणातला उपवास आहे, वारीला जायचं आहे, दाढ काढायची आहे, आता बरं वाटतं आहे, यातल्या कुठल्याही कारणाने ती आपल्या मनाने बंद करू नका. दाताच्या डॉक्टरांना आधी गोळीबद्दल सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. घरात मूल होण्याचा विचार असेल तर वॉर्फरिनबद्दल आधीच बोला, कारण ते पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं. मेथी-पालक खायला हरकत नाही, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि आयएनआरची तारीख चुकवू नका. झडप एकदाच बसवली जाते. तिच्यावर प्रथिनं मात्र रोज येत राहतात, म्हणून गोळीही रोज लागते.